काळ्या पट्टीकडं बघून

वहिनी माझ्या दारात आल्या तेव्हा मी भांडी घासत होतो. हाताला राख, बनियनला भोक, अशा अवतारात दार उघडलं तर समोर रणधीर इंगवलेची बायको. त्याआधी मी त्यांना पाहिलं होतं ते सिनेमाच्या मुहूर्तांना, तेही लांबून, आणि प्रत्येक वेळी त्यांनी माझ्याकडं बघून मान फिरवली होती.

"मिठारी तुम्हीच ना?"

"हो. या ना वहिनी. आत या."

त्या आत आल्या, पण बसल्या नाहीत. बसणार कुठं? घरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर माझा लेंगा वाळत होता. मी तो उचलला, आणि कुठं ठेवावा ते सुचेना म्हणून हातात धरून उभा राहिलो.

"ह्यांना झटका येऊन गेला, ते तुम्हाला ठाऊक असेलच," वहिनी म्हणाल्या.

"पेपरात वाचलं."

"पेपरात!" त्यांचा आवाज चढला. "अख्खं कोल्हापूर तुमच्या दोस्तीचे दाखले देतं. आणि माणूस उजव्या अंगानं लुळा होऊन पडलाय, तोंडातून शब्द फुटत नाही, तर तुम्ही पेपरात वाचून गप्प बसलात?"

यावर मी काय बोलणार? तुमचं घर मी आतून कधी पाहिलेलं नाही, असं सांगता आलं असतं. पण समोर उभ्या बाईचे डोळे बघून ते जिभेवर येईना.

"डॉक्टर म्हणतात, जवळच्या माणसानं बोलतं करायला हवं. मी बोलून बोलून थकले. माझा भाऊ येऊन गेला, ह्यांचे पुतणे येऊन गेले. हे कुणाकडं बघतसुद्धा नाहीत. कुणी म्हणालं, अशा माणसांना बोलता आलं नाही तरी पाठ असलेलं गाणं येतं, आरती येते. मी आरती म्हणून बघितली. पण ह्यांना आरती यायला हवी ना! सिनेमातसुद्धा नुसते ओठ हलवायचे. तुमच्याशी बोलतील."

"माझ्याशी?"

"तुमच्याशी नाही तर कुणाशी? फार नको. एक शब्द बोलले तरी चालेल. पाणी म्हणू देत नुसतं."

मी येतो म्हणालो. नाही कसं म्हणायचं?

त्या गेल्यावर मी कोपऱ्यावरच्या पानपट्टीशी गेलो. सर्जेराव पानपट्टीवाल्यानं मला बघितलं आणि रोजचा प्रश्न विचारला, "रणधीरराव कसं हायत?"

"बरा आहे," मी म्हणालो.

हे उत्तर मी कितीतरी वर्षं देत आलो होतो. भाजीवाली विचारायची, न्हावी विचारायचा, एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस विचारायचा. भावाची विचारपूस करावी तशी लोक माझ्याकडं रणधीरची विचारपूस करायचे. मीही बरा आहे, मजेत आहे, काल जरा सर्दी होती, असं काहीबाही ठोकून द्यायचो. लोकांचं समाधान व्हायचं. आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते बरं वाटायचं.

आमची जोडी जमवली ती अण्णा चौगुल्यांनी. रणधीर तेव्हा तालमीतून आलेला, रुंद छातीचा, कमी बोलणारा गडी. मी तमाशाच्या फडात सोंगं करून करून वाळलेला काटकुळा. अण्णांनी 'एका ताटातले' नावाच्या चित्रपटात आम्हाला एका फ्रेममध्ये उभं केलं. तो केरबा, मी म्हादू. आणि काहीतरी झालं. काय झालं ते मला आजही सांगता येणार नाही. तो न बघता मागं खडा फेकायचा आणि तो माझ्या मुठीत यायचा. माझं वाक्य अर्धं राहिलं तर तो ते अशा काही हसण्यानं पुरं करायचा की अण्णा पुन्हा टेक घ्यायचेच नाहीत. गावोगाव बैलजोड्यांना केरबा-म्हादू अशी नावं पडली. दोन भाऊ भांडायला लागले की म्हातारी माणसं म्हणायची, त्या केरबा-म्हादूकडं बघून तरी शिका.

अण्णा 'कट' म्हणाले की ते सगळं संपायचं. रणधीर उद्धट नव्हता, माणूसघाणाही नव्हता. तो विझायचा, बस. टॉवेल खांद्यावर टाकून कुठंतरी भिंतीकडं तोंड करून बसायचा. पहिल्या पहिल्यांदा एक शॉट फार सुरेख झाला म्हणून मी कटनंतर त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं त्या हाताकडं बघितलं. मी हात काढेपर्यंत बघतच राहिला. पुन्हा काही मी हात ठेवला नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. सिनेमात दोन माणसं बोलताना दिसतात, पण कॅमेरा एका वेळी एकाचाच चेहरा टिपत असतो. माझा क्लोजअप चालू असेल तेव्हा समोरच्यानं कॅमेऱ्याच्या बाजूला, फ्रेमच्या बाहेर उभं राहून आपली वाक्यं बोलायची, म्हणजे माझ्या डोळ्यांना खरं माणूस मिळतं. याला क्यू देणं म्हणतात. त्याचे पैसे मिळत नाहीत, नावही होत नाही. ती एकमेकांची कदर असते. रणधीरच्या प्रत्येक क्लोजअपला मी क्यू दिला. कॅमेऱ्याशेजारी, त्याच्या डाव्या अंगाला, एक बुटकी पेटी टाकून मी बसायचो, कारण नजर जराशी खाली असली की त्याचा चेहरा खुलायचा. पण माझ्या क्लोजअपची वेळ आली की तो टॉवेल उचलून निघून जायचा. मग लाइटच्या एका स्टँडवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला काळी चिकटपट्टी लावायचे आणि कुणीतरी सहायक त्याची वाक्यं वाण्याच्या यादीसारखी वाचून दाखवायचा. लोक ज्या नजरेनं रडले, म्हादूची ती नजर, ती मी त्या काळ्या पट्टीला दिलेली आहे.

'एका ताटातले'चा शेवटचा सीनही तसाच झाला. केरबा पलटणीत निघालाय आणि वेशीवरच्या पिंपळाखाली म्हादू त्याला निरोप देतोय. आधी रणधीरचा क्लोजअप झाला. मग तो नेहमीप्रमाणे ऊन परतवायच्या उभ्या चंदेरी फळ्याच्या, रिफ्लेक्टरच्या, मागं निघून गेला आणि मी पट्टीसमोर उभा राहिलो. कागदावर माझं शेवटचं वाक्य होतं, "जा. मागं वळून बघू नगंस." मी ते म्हणालो. पण अण्णांनी कट म्हटलं नाही, कॅमेरा फिरतच राहिला, आणि माझ्या तोंडून आपसूक आणखी निघालं, "बघितलास तर चालंल म्हणा."

अण्णा हसले. कॅमेरामन हसला. "म्हादू, झकास आहे, पण ठेवता येणार नाही," अण्णा म्हणाले. "पब्लिक रडत असताना हसंल." ते वाक्य कापलं गेलं. पडद्यावर कुणी ते ऐकलं नाही. पुढं अण्णा गेले, कॅमेरामन गेला, आणि मीही ते विसरून गेलो.

दुसऱ्या दिवशी रुईकर कॉलनीतला तो बंगला शोधत मी गेलो. दिवाणखान्यात भिंतभर आमचा फोटो होता, मी आणि रणधीर गळ्यात गळा घालून हसतोय असा. त्याच फोटोखाली व्हीलचेअरमध्ये रणधीर बसला होता, खिडकीकडं तोंड करून. छाती तेवढीच रुंद होती, पण आतून कुणीतरी आधार काढून घेतल्यासारखी. मी आलेलं त्याला कळलं की नाही, कोण जाणे.

"बघा, कोण आलंय," वहिनी त्याच्या कानाशी म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "तुम्ही बोला दोघं. मी मध्ये येत नाही." आणि त्या आत गेल्या. पडद्याखाली त्यांची पावलं मला दिसत होती. त्या तिथंच उभ्या होत्या.

मी त्याच्या समोरच्या कोचावर बसलो. बोलायचं काय? एवढ्या वर्षांत आम्ही दोघं काय बोललो होतो, ते आठवून बघितलं. "पाऊस येईल वाटतं." "जेवण आलं." "पॅकअप झालं." एवढंच सापडलं.

"कसा आहेस?" मी विचारलं.

तो खिडकीकडं बघत राहिला.

"बरं वाटतंय का?"

काही नाही. पडद्याखालची पावलं हलली नाहीत. आता ही बाई बाहेर येईल, आणि तिला कळेल की ज्याच्या भरवशावर ती आली तो या घरात कुणीच नाही. तसाच उठून निघून जावं, असंही एकदा मनात आलं.

खिडकीतून उन्हाचा एक पट्टा रणधीरच्या चेहऱ्यावर आला होता. एका बाजूनं, नेमका, जसा अण्णांना हवा असायचा तसा. त्याच्या डाव्या हाताला पाय ठेवायचं एक बुटकं स्टूल पडलं होतं. मी विचार करून काही केलं नाही. सवयीनं उठलो, ते स्टूल ओढलं आणि जिथं जन्मभर बसत आलो तिथं जाऊन बसलो.

रणधीरची मान वळली. त्यानं माझ्याकडं बघितलं. मिठारीकडं नाही, म्हादूकडं बघायचा तसं.

"भाकरी घेतलीस?" मी म्हणालो. आवाज माझा राहिलाच नव्हता.

त्याचे ओठ हलले. "घेतली."

पडद्यामागं वहिनींनी धरलेला श्वास सुटलेला मी ऐकला. पण मी तिकडं बघितलं नाही. क्यू देणाऱ्यानं इकडं-तिकडं बघायचं नसतं.

"किती?"

"दोन." शब्द स्वच्छ होता. खणखणीत. "एक माझ्या वाटणीची, एक तुझ्या. खाताना तुझी आठवण काढीन, आन् तुझीबी मीच खाईन."

"आन् पत्र?"

"तुला वाचता कुठं येतंय?"

"येत न्हाई म्हणून तर पाठव. बघत बसीन."

आणि रणधीर हसला. गावोगावच्या तंबूतल्या थिएटरात बायका ज्या हसण्यावर पदर डोळ्यांना लावायच्या, तेच हसणं. "खुळं हाय रं ह्ये," तो म्हणाला.

"जा. मागं वळून बघू नगंस," मी म्हणालो आणि मान खाली घातली. सीन संपला. मी वर बघितलं तेव्हा तो पुन्हा खिडकीकडं तोंड करून बसला होता.

वहिनींनी मला आत स्वयंपाकघरात नेलं. चहा टाकायला गेल्या आणि भांडं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं.

"मला ठाऊकच होतं. तुमच्याशी बोलणारच," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, "भावजी, एक विचारू? तुम्ही दोघं इतकं काय बोलायचात हो?"

"म्हणजे?"

"शूटिंगला. हे घरी आले की असे बसायचे. आता बसलेत ना, तसेच, खिडकीकडं तोंड करून. झटका आत्ता आला, पण हे बसणं जुनंच आहे. आधी वाटायचं, दमले असतील. मग वाटायला लागलं, सगळं बोलणं, सगळं हसणं त्या मिठारीपाशी खर्च करून येतात, घरी आणायला काही उरत नाही." त्यांनी भांडं ओट्यावर ठेवलं. "मी तुमचे सिनेमे बघायचे ते का, ठाऊक आहे? मॅटिनीला, एकटी जायचे. हे हसतात कसे ते बघायला. आणि तुमचा इतका राग राग केलाय मी. आता सांगायला हरकत नाही."

आता गप्प बसावं आणि चहा पिऊन उठावं, हे सोयीचं होतं. पण इतकं मनातलं माझ्याशी कुणी किती तरी वर्षांत बोललं नव्हतं.

"वहिनी, आम्ही बोलत नव्हतो," मी म्हणालो.

"असं कसं?"

"अण्णा 'कट' म्हणाले की तो उठून जायचा. तुमच्या घरी मी आज पहिल्यांदा आलो, तुम्हाला आठवत असेल तर बघा. मला वाटायचं, तो हे सगळं घरासाठी राखून ठेवत असणार. नशीबवान बाई आहे, असं मी म्हणायचो तुम्हाला. मनात."

वहिनींनी गॅस बंद केला. चहा झालेला नव्हता.

"मग हे बोलायचे कुणाशी?" त्यांनी विचारलं.

दिवाणखान्यात व्हीलचेअरचं चाक एकदा करकरलं आणि थांबलं. आम्ही दोघंही जरा वेळ तिकडं कान लावून उभे होतो.

"परवा याल?" वहिनी म्हणाल्या.

मी गेलो. मग एक दिवसाआड जायला लागलो. नवा सदरा शिवून घेतला, दाढी रोज करायला लागलो. सर्जेराव म्हणाला, "काय मिठारी, लग्न-बिग्न ठरलं काय?" मी म्हणालो, "रणधीरकडं चाललोय." तो म्हणाला, "त्यात नवीन काय?"

नवीन काय, ते त्याला कसं सांगणार? आम्ही कधी पिंपळाखालचा सीन करायचो, कधी जत्रेतला, कधी दोघं विहिरीत पडतो तो. आणि माझी वाक्यं आली की रणधीर उठून जायचा नाही. त्याला उठताच येत नव्हतं, हे मला कळत होतं. तरी मी बोलताना समोर पट्टी नव्हती, त्याचे डोळे होते. "बघत बसीन" म्हणताना माझा आवाज खरोखर कापायचा. मला त्या दिवसांत फार सुख झालं. असं सुख मला आधी कधी मिळालं नव्हतं आणि पुढंही नाही.

वहिनी दारात बसून बघायच्या. मॅटिनीला बसाव्यात तशा, हात मांडीवर ठेवून. एक दिवस माझं लक्ष गेलं, तर त्यांचे ओठ हलत होते. माझी वाक्यं त्या मनातल्या मनात म्हणत होत्या.

मी निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. "काल जेवताना मी ह्यांना विचारून बघितलं," त्या हसत म्हणाल्या. "भाकरी घेतलीत का म्हणून."

"मग?"

"माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही." अजून त्या हसतच होत्या. "तुमच्याकडं बघून मात्र बरे हसतात."

घरी आलो, पण जेवण गेलं नाही. खरं म्हणजे यात माझा काय दोष? तो माझ्याकडं बघून हसतो, त्याला मी काय करू? जन्मात एक चीज हाताला लागली होती. तीही काल-परवा, दोघांचेही केस पांढरे झाल्यावर. मी स्वतःशी पुष्कळ भांडून बघितलं. पण मी निघून आल्यावर ती बाई त्या खिडकीपाशी बसलेल्या माणसाबरोबर एकटी असते, आणि मी इथं एकटा असतो. दोघांपैकी एकाचं तरी एकटेपण सुटण्यासारखं होतं. माझं सुटण्यासारखं नव्हतं, कारण मी तिथं कायमचा राहू शकत नव्हतो.

पुढच्या वेळी मी दिवाणखान्यात गेलोच नाही. सरळ स्वयंपाकघरात गेलो.

"वहिनी, तुमची चूक कुठं झाली सांगू? तुम्ही समोर बसून विचारलंत. तो समोर कधी बघतच नाही. डाव्या अंगाला बसायचं, आणि खाली बसायचं. आणि 'घेतलीत का' नाही. 'घेतलीस?' एवढंच."

"नवऱ्याला अरेतुरे करू?" वहिनींनी पदर तोंडाला लावला.

"तो नवरा नाही तेव्हा. केरबा आहे. आणि तुम्ही म्हादू. रागावून म्हणा. दोस्त निघालाय, पोटात तुटतंय, आणि हा गडी भाकरीवरून भांडतोय. म्हणा."

"भाकरी घेतलीस?" त्या इतक्या हळू म्हणाल्या की पोळीच्या डब्यालासुद्धा ऐकू गेलं नसतं.

"अहो, रागावून!"

"भाकरी घेतलीस?"

"घेतली," मी केरबा होऊन म्हणालो.

आम्ही त्या स्वयंपाकघरात किती तालमी केल्या असतील! मिरजेचं माहेर असलेल्या वहिनींच्या तोंडी 'नगंस' बसता बसेना. त्या 'नकोस' म्हणायच्या आणि आपल्याच चुकीवर हसत सुटायच्या. मी केरबाची वाक्यं बोलत होतो, आणि बोलता बोलता एकदा मला वाटलं, रणधीर इथूनच सगळं बघत आला. या बाजूनं म्हादू असा दिसतो तर. बिचारा दिसतो.

"पण तुम्ही थांबणार ना बाजूला?" शेवटी वहिनींनी विचारलं.

"नाही. मी खोलीत असलो तर तो माझ्याकडंच बघणार. मला फ्रेमच्या बाहेर जायला हवं."

"मग तुमचं काय?" त्या पटकन म्हणाल्या. त्यांना सगळं कळलं होतं.

"माझं काय वहिनी? आम्हा क्यू देणाऱ्यांना सवय असते."

दुपार होती. ऊन त्या कोनातून आत आलं होतं. वहिनी दिवाणखान्यात गेल्या आणि बुटक्या स्टुलावर बसल्या. मी त्यांच्या मागून न जाता स्वयंपाकघराच्या दुसऱ्या दारानं आतूनच वळसा घालून बाहेरच्या दारापाशी आलो. तिथून रणधीरची पाठ दिसत होती आणि वहिनींचा चेहरा.

"भाकरी घेतलीस?" वहिनी म्हणाल्या. रागावून. अगदी हवं तसं.

काहीच झालं नाही. मला वाटलं, फसलं. मग रणधीरची मान डावीकडं वळली.

"घेतली."

वहिनींच्या चेहऱ्याकडं मला बघवेना. पण त्या चुकल्या नाहीत. किती, म्हणाल्या. पत्र, म्हणाल्या. "येत न्हाई म्हणून तर पाठव. बघत बसीन." आणि रणधीर हसला. बायकोकडं बघून हसला, आणि ती मॅटिनीत नव्हती, त्याच्या गुडघ्याशी बसली होती.

"खुळं हाय रं ह्ये," तो म्हणाला.

मी वाकून चपला शोधायला लागलो. आता माझं तिथं काम नव्हतं. दार हलकेच उघडलं.

"जा. मागं वळून बघू नगंस," वहिनी म्हणाल्या. 'नगंस' सुद्धा बरोबर आलं.

इथं मी मान खाली घालायचो, म्हणजे सीन संपायचा. ते त्यांना सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. त्या तशाच त्याच्याकडं बघत राहिल्या. रणधीर वाट बघत होता. मग, समोरचा वाक्य विसरलाय असं वाटून, ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणाला क्यू दिला नाही, त्यानं हळूच पुढचं वाक्य दिलं.

"बघितलास तर चालंल म्हणा."

माझा हात कडीवरच राहिला. वाक्य माझं होतं. 'तर'वर घेतलेली ती इवलीशी ओढ माझी होती. ते पडद्यावर कधी आलं नव्हतं. ते ऐकायचं तर त्या दिवशी त्या पिंपळाखालीच असायला हवं होतं, रिफ्लेक्टरच्या मागं, जिथून मी दिसतो आणि मला कुणी दिसत नाही अशा जागी. म्हणजे तो गेलाच नव्हता. त्या दिवशी गेला नव्हता, म्हणजे कदाचित कधीच गेला नसेल. मी पट्टीकडं बघून जीव ओतत होतो आणि तो तिथं उभा राहून ऐकत होता, आणि टॉवेल खांद्यावर टाकून माझ्यासमोर यायचं त्याला जमत नव्हतं.

"हे कुठलं?" वहिनींनी त्याच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. "हे तुम्ही शिकवलं नाहीत."

मी मागं वळून बघितलं होतं. पण रणधीरची मान माझ्याकडं वळलेली नव्हती. तो वहिनींकडं बघत होता, पुढच्या वाक्याची वाट बघत. मी ओठांवर बोट ठेवलं, त्यांना खुणेनंच सांगितलं, पुन्हा पहिल्यापासून घ्या. त्यांनी डोळे पुसले.

"भाकरी घेतलीस?"

"घेतली."

मी दार ओढून घेतलं. फाटकापर्यंत त्यांचे आवाज येत होते. मग रस्त्याची रहदारी लागली आणि येईनासे झाले. मी चालतच घरी निघालो. मधे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून घेतलं आणि पोटभर रडलो. येणारे-जाणारे बघत होते. त्यातल्या एकानं मला ओळखलंही, पण तो काही न बोलता पुढं गेला.

त्यानंतर मी त्या घरी गेलो नाही. पुढं दोन वर्षं रणधीर जगला आणि वहिनींचे निरोप येत राहिले, आज जत्रेतला सीन झाला, आज विहिरीतला. मग तोही गेला. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. पण मला आठवते ती त्या दिवशीची संध्याकाळ. मी कोपऱ्यावर पोचलो, तर सर्जेरावनं मान वर करून नेहमीसारखंच विचारलं,

"रणधीरराव कसं हायत?"

"बोलला आज माझ्याशी," मी म्हणालो.

"बोलणारच की," सर्जेराव म्हणाला, आणि पानाला चुना लावायला लागला.